राडारोडा किती निघेल: सोळा खेपा की चाळीस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातलं जुनं बैठं घर पाडायचंय, बाहेरून ३० बाय ३४ फूट, नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब. एक ठेकेदार म्हणतो सोळा खेपा, दुसरा म्हणतो चाळीस. यातला लबाड कोण?

बहुधा कोणीच नाही. दोघांनी वेगवेगळं घर मोजलंय. एकाने जोत्यावरचं, दुसऱ्याने जोत्याखालचंही.

आधी वरचं घेऊ. बाहेरच्या भिंती मध्यरेषेवर १२५ फूट, आतल्या नऊ इंची ६० फूट धरा. उंची १० फूट, म्हणजे साधारण १,३९० घनफूट. साडेचार इंची पार्टिशन ३० फुटांचं, त्याचे ११०. दारं-खिडक्यांचे १९० वजा केले की राहिलं १,३१०. दोन्ही बाजूंचा गिलावा लोक हमखास विसरतात, त्याचेच दोनशे होतात. छज्जा धरून स्लॅब ३३ बाय ३७, जाडी पाच इंच: ५१०. गच्चीचा कोबा (गळती थांबवायला स्लॅबवर घातलेला थर) ३८०, कठडा १५०, फरशी खालच्या मालासकट २२०. बेरीज २,७७०, म्हणजे २८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट).

हे झालं घट्ट माप. भिंत फोडली की तुकड्यांमध्ये पोकळी राहते आणि ढीग फुगतो. वीट-काँक्रीटचा मिसळ माल मी १.४ पटीने धरतो, म्हणजे ३९ ब्रास. डंपरवाला ‘ब्रास’ म्हणतो तो सुटा, आणि इंजिनिअरच्या मोजमापातला ब्रास घट्ट. अर्धी भांडणं इथेच होतात. दर ठरवताना ‘गाडीतला ब्रास’ असं स्पष्ट लिहून घ्या. त्याहून बरं म्हणजे गाडीच्या हौदात टेप टाका: १२ बाय ७ बाय ३ फूट म्हणजे २५२ घनफूट, अडीच ब्रास. ३९ भागिले अडीच, सोळा खेपा. तुमच्या पहिल्या ठेकेदाराचा हिशोब हाच.

आता जमिनीखाली उतरा. या वयाच्या घरांचा पाया सहसा काळ्या दगडाचा. अडीच फूट रुंद, चार फूट खोल धरला तर १८५ फूट लांबीत १,८५० घनफूट, वर दोन फुटी जोत्याच्या भिंतींचे सव्वाचारशे. दगडाचा फुगवटा जास्त, दीडपट धरा: ३४ ब्रास. जोत्यात दाबून भरलेला मुरूम साडेसतरा ब्रास, उकरला की बावीस. सगळं मिळून ९५ ब्रास, अडतीस खेपा. म्हणजे दुसराही खोटं बोलत नाही.

म्हणून ठेकेदाराला खेपा विचारण्याआधी आर्किटेक्टला विचारा की पाया काढायचा आहे का. खाली पार्किंग किंवा बेसमेंट येणार असेल तर सुटका नाही. नाहीतर मुरूम नव्या जोत्यात परत वापरता येतो, आणि डबर, म्हणजे पायाचा दगड, फुकट देऊ नका, त्याला गिऱ्हाईक असतं. सळई, चौकटी, ग्रिल हे ठेकेदार स्वतःचंच समजतो, ते दरातून वळतं करून घ्या. विटा चुन्यातल्या असतील तर सुट्या निघतात, सिमेंटमधल्या क्वचितच शाबूत राहतात.

कोबा मात्र डोळ्यांनी बघा. माझी स्वतःची फजिती सांगतो. एका घराला मी साडेचार इंच धरला होता. पाडताना निघाले एकावर एक तीन थर. गळती लागली की जुना न काढता वर नवा टाकायचा, हा उद्योग तिथे दोनदा झालेला. नऊ इंचांच्या वर भरला तो, आणि तीन खेपा माझ्या खिशातून गेल्या. तेव्हापासून पावसाळी पाइपच्या तोंडाशी छिन्नीने वीतभर उकरून स्लॅब लागेपर्यंत बघतो. दहा मिनिटांचं काम आहे.

वजनही काढून ठेवा. वीटकाम घनमीटरला १.९ टन, आरसीसी म्हणजे स्लॅबचं सळईचं काँक्रीट २.५. तुमचं वरचं घर साधारण १५८ टन होतं, खेपेला दहा टन. दोन ॲक्सलच्या ट्रकची एकूण मर्यादा २०१८ पासून १८.५ टन आहे, रिकामी गाडीच सातेक टन, त्यामुळे हौदाच्या काठावर शीग, म्हणजे ढीग, लावू देऊ नका. पक्क्या घराला चौरस मीटरमागे ५०० किलो असा आकडा सरकारी पुस्तिकांत सापडतो. त्याने तुमचं घर ४७ टनांत संपतं! शहराच्या गोळाबेरजेला तो ठीक असेल, गाड्या मागवायला नाही.

वजनाचा दुसरा उपयोग परवानगीत. २०१६ च्या केंद्रीय नियमांत दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन राडारोडा काढणारा मोठा उत्पादक धरला होता. ‘आमचं छोटं घर’ म्हणणाऱ्याचेही दिवसात दोन डंपर भरले की वीस टन होतात. २०२५ च्या नव्या नियमांनी १ एप्रिल २०२६ पासून चौकट बदलली आहे, तेव्हा पाडायच्या आधी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन आजचं काय ते विचारा. महापालिकेचा प्रक्रिया प्रकल्प वाघोलीला आहे. प्रत्येक खेपेची तिथली पावती हातात आल्याशिवाय त्या खेपेचे पैसे देऊ नका, नाहीतर माल रात्री नदीकाठी पडतो आणि नोटीस तुमच्या नावाने येते.

मागे सिमेंटच्या पत्र्यांची शेड असेल तर ते पत्रे फोडू नका, राडारोड्यात मिसळूही नका. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ओले करून अख्खे उतरवायचे आणि वेगळे ठेवायचे.

पायाची रुंदी मी अंदाजाने धरली आहे. बाहेरच्या भिंतीलगत एका ठिकाणी तीन-चार फूट खड्डा घेऊन बघा आणि माप इथे टाका, आकडे बदलून देतो.