फेबियसची सबुरी, निकिआसची दिरंगाई

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या निबंधाचा आराखडा वाचला. ग्रीक आणि रोमन सेनानींच्या चरित्रांतून धैर्य, संयम, दूरदृष्टी असे गुण निवडायचे आणि प्रत्येक गुणाखाली एकेकाचे नाव लिहायचे, ही योजना नेटकी असली तरी मला पटली नाही. कारण एकच गुण एकाला तारतो आणि दुसऱ्याला बुडवतो, आणि फरक कुठे पडला हे शोधण्यातच चरित्रवाचनाची खरी मेहनत आहे. ग्रीक-रोमन चरित्रे जोडीजोडीने लिहिणाऱ्या प्लुटार्कने रोमन फेबियसची जोडी अथेन्सच्या पेरिक्लीजशी आणि अथेन्सच्याच निकिआसची रोमन क्रॅससशी लावली. तू त्या जोड्या खुशाल मोड आणि फेबियस व निकिआस यांना समोरासमोर बसव, कारण दोघेही थांबणारे सेनापती होते.

इ.स.पू. 217 मध्ये इटलीतल्या ट्रॅसिमीन सरोवराकाठी, उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने दबा धरून रोमन सैन्य कापून काढले, कॉन्सल (रोमचा वर्षभरासाठी निवडलेला सर्वोच्च अधिकारी) फ्लॅमिनियस तिथेच पडला, आणि रोमने फेबियस मॅक्झिमसला सर्वाधिकारी नेमले. सपाटीवर हॅनिबलच्या घोडदळापुढे आपला टिकाव लागणार नाही हे ओळखून फेबियस डोंगरउतारांवरूनच त्याच्या मागावर राहिला, आणि धान्य-वैरण गोळा करायला बाहेर पडणाऱ्या तुकड्या तेवढ्या टिपत राहिला. परमुलखात आलेल्या शत्रूला नवी माणसे मिळणे कठीण, रोमला मात्र ती मिळत राहणार, असा त्याचा हिशेब होता. (इथे गनिमी काव्याची आठवण होणे साहजिक आहे, पण मनुष्यबळ फेबियसच्याच बाजूला अधिक होते, तेव्हा ती तुलना फार ताणू नकोस.)

या हिशेबाची किंमतही त्यालाच मोजावी लागली. पोराची पाटी-पुस्तके घेऊन मागे मागे चालणाऱ्या गड्याप्रमाणे हा हॅनिबलच्या मागे फिरतो, अशी त्याची टिंगल झाली. फालेर्नमच्या प्रदेशात त्याने शत्रूची वाट अडवली असता हॅनिबलने सुमारे 2000 बैलांच्या शिंगांना काटक्यांच्या मोळ्या बांधल्या, रात्री त्या पेटवून बैल डोंगरावर हाकलले आणि त्या गोंधळात आपले सैन्य खिंडीतून बाहेर काढले. त्यावर कडी म्हणून, भोवतालची शेते जाळताना त्याने फेबियसची जमीन तेवढी मुद्दाम राखली, जेणेकरून रोमला संगनमताचा संशय यावा. फेबियसने ती जमीनच विकली आणि त्या पैशांत युद्धकैदी सोडवले. त्याचा दुय्यम अधिकारी मिनुशियस याला लोकांनी त्याच्या बरोबरीचा अधिकार दिला, तरी त्याने आकस धरला नाही, आणि मिनुशियस सापळ्यात अडकताच तो तातडीने मदतीला धावला. थांबणारा माणूस वेळ येताच किती चपळाईने हलला, हे मला त्या चरित्रातले सर्वांत बोलके स्थळ वाटते. पुढच्या वर्षी रोमने कॅनाई येथे समोरासमोर लढाई दिली आणि हॅनिबलने रोमन सैन्याचा धुव्वा उडवला, हे तुला ठाऊकच आहे.

आता निकिआस. इ.स.पू. 415 च्या अथेन्सच्या सिसिली बेटावरील स्वारीला त्याचा विरोध होता. लोक कचरतील या आशेने त्याने जनसभेपुढे अवाढव्य सैन्याची गरज मांडली, आणि सभेने ते सारे आनंदाने मंजूर करून त्यालाच तीन सेनापतींपैकी एक करून धाडले. बाकीच्या दोघांपैकी आल्सिबियाडीस अथेन्सने परत बोलावल्यावर निसटून गेला, लामाकस मारला गेला, आणि मूत्रपिंडाच्या विकाराने बेजार झालेला निकिआस सिसिलीतल्या सिरॅक्यूज शहरासमोर एकटा उरला. आपल्याला मोकळे करावे, असे त्याने अथेन्सला पत्र पाठवून विनवले. तेही मान्य झाले नाही. इ.स.पू. 413 मध्ये कुमक घेऊन आलेल्या सेनापती डेमॉस्थेनीसचा शहरालगतच्या एपिपोली पठारावरील रात्रीचा हल्ला फसला, तेव्हा डेमॉस्थेनीसने तत्काळ माघारीचा सल्ला दिला. निकिआसने नकार दिला: मायदेशी बदनामीचा आरोप ठेवून लोक आपल्याला मारतील, त्यापेक्षा शत्रूच्या हातून मेलेले बरे, असे त्याचे म्हणणे ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीजने नोंदवले आहे. ही भीती निराधार म्हणू नकोस, पुढे इ.स.पू. 406 मध्ये आर्गिनुसीची लढाई जिंकणाऱ्या सहा सेनापतींना अथेन्सने देहदंड दिला. तरीही एका माणसाच्या धास्तीपायी हजारोंना तिथे खोळंबून ठेवणे, याला मी संयम म्हणणार नाही. अखेर तो निघायला राजी झाला आणि 27 ऑगस्टला चंद्रग्रहण लागले. शकुन सांगणाऱ्यांनी 27 दिवस थांबण्यास सांगितले, आणि त्याने ते ऐकले. तेवढ्या अवधीत बंदराचे तोंड बंद झाले. पायी निघालेले तहानलेले सैनिक असिनारस नदीत एकमेकांना तुडवत उतरले. वरून बाण-भाले येत असताना चिखल आणि रक्त मिसळलेल्या पाण्यासाठी ते आपसांत भांडले. निकिआसला ठार मारण्यात आले. कैदी दगडाच्या खाणींत कोंडले गेले.

तेव्हा प्रत्येक थांबणाऱ्याला एकच प्रश्न विचार: हा कशाची वाट पाहतो आहे? फेबियसला इ.स.पू. 217 मध्ये उत्तर देता आले असते, निकिआसला नाही. मात्र निबंध लिहिताना फेबियसच्या उतारवयाचा भाग गाळू नकोस. इ.स.पू. 205 मध्ये रोमन सेनापती स्किपिओने आफ्रिकेत, म्हणजे कार्थेजच्याच मुलखात, उतरण्याची योजना मांडली, तेव्हा हॅनिबल इटलीच्या दक्षिण टोकाला रेटला गेला होता, आणि तरीही वृद्ध फेबियसने त्या योजनेला कडाडून विरोध केला. तो इ.स.पू. 203 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी स्किपिओने आफ्रिकेतल्या झामा येथे हॅनिबलचा पराभव केला. आपला प्रश्न या विरोधालाही लावून पाहा आणि त्यावर स्वतंत्र परिच्छेद लिही. मसुदा झाला की पाठव.

तुझा शुभचिंतक