‘लोकानुनयी’ की ‘लोकवादी’? धनिकांच्या पैशावरील प्रचारासाठी मराठी शब्द

अमेरिकेतील निवडणूक प्रचारावरील एका लेखाचा मराठी अनुवाद करणाऱ्या वाचकांनी दोन शंका विचारल्या आहेत. त्यांच्यासमोर असलेल्या वाक्याचा आशय असा आहे की, उमेदवार व्यासपीठावरून श्रीमंतांविरुद्ध ‘पॉप्युलिस्ट’ भाषा बोलतो आणि त्याच्या प्रचाराचा खर्च मात्र मोजके अब्जाधीश उचलतात. येथे ‘पॉप्युलिस्ट’साठी वृत्तपत्रांत रुळलेला ‘लोकानुनयी’ हा शब्द वापरावा का, आणि पैसा पुरवणाऱ्यांना सरसकट ‘देणगीदार’ म्हणावे का, असे त्यांनी विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र पैसा कोणत्या वाटेने गेला यावर अवलंबून आहे, आणि त्यासाठी थोडे तपशिलात जावे लागेल.

‘अनुनय’ म्हणजे मनधरणी. रुसलेल्या नायिकेचा नायक अनुनय करतो, असा हा शब्द आपण काव्यचर्चेत वाचत आलो आहोत. राजकीय मराठीत तो आला तेव्हाही हाच अर्थ टिकला. कर्जमाफी, मोफत वीज, निवडणुकीच्या तोंडावर जाहीर होणारे अनुदान यांना आपण ‘लोकानुनयी निर्णय’ म्हणतो, कारण लोकांना जे हवे आहे ते, त्याचे परिणाम बाजूला ठेवून, देऊन टाकण्याची वृत्ती आपल्याला दाखवायची असते. या शब्दात देणारा आहे आणि घेणारा आहे, पण शत्रू नाही. उलट प्रश्नातील वाक्यात जी भाषा आहे, तिचा सगळा जोर शत्रूवर आहे. ‘आम्ही कष्टकरी, खरे लोक’ एका बाजूला आणि ‘ते मूठभर लबाड’ दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी केल्याशिवाय ती भाषा उभीच राहत नाही. तीत काही द्यावे लागतेच असे नाही, फक्त कोणाकडे तरी बोट दाखवावे लागते.

दोन्ही गोष्टी एकच मानल्या तर काय घोटाळा होतो, याचे उदाहरण आपल्याच वृत्तपत्रांत सापडते. ‘अल्पसंख्याकांचा अनुनय’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे टीकेसाठी वापरला जातो. जो नेता या अनुनयाविरुद्ध बहुसंख्याकांना चेतवणारे भाषण करतो, त्याच्या भाषणाला अभ्यासक पॉप्युलिस्ट म्हणतील. मराठीत त्यालाच ‘लोकानुनयी’ म्हटले, तर अनुनयाला विरोध करणाऱ्या भाषणाला अनुनयी म्हटल्यासारखे होईल. वाचकाला त्यातून काहीही बोध होणार नाही.

‘लोकरंजन’ आणि ‘लोकानुरंजन’ हे शब्दही याच कारणासाठी येथे बसत नाहीत. शिवाय त्यांच्यामागे एक चांगल्या अर्थाची परंपरा आहे. प्रजेचे रंजन करतो तो राजा, अशी जुनी व्युत्पत्ती सांगितली जाते, आणि लोकरंजनातून लोकशिक्षण करणाऱ्या कीर्तनकारांचे व शाहिरांचे आपण कौतुकच करतो. मग उरतो ‘लोकवाद’. संस्कृतात या शब्दाचा अर्थ लोकांतील बोलवा किंवा अफवा असा होता, पण आजच्या मराठीत त्या अर्थाने तो कोणी वापरत नाही, त्यामुळे तो नव्या कामाला लावायला हरकत नसावी. त्यातही ‘लोकवाद’ या नामापेक्षा ‘लोकवादी भाषा’, ‘लोकवादी प्रचार’ अशी विशेषणाची योजना मला अधिक योग्य वाटते, कारण ‘-वाद’ म्हटले की मागे एखादी सुसंगत विचारसरणी आहे असा समज होतो, आणि ही तर डावे, उजवे, मधले असे कोणीही अंगीकारू शकेल अशी बोलण्याची रीत आहे.

आता प्रश्नातील मुख्य अडचणीकडे येतो. लोकानुनयी योजना जाहीर करणाऱ्या पक्षाला उद्योगपतींनी पैसा दिला, तर त्यात तर्कदृष्ट्या विसंगती अशी काही नाही. पण धनिकांना लोकांचे शत्रू ठरवून मते मागणाऱ्याला धनिकांनीच पैसा पुरवला, तर विसंगती आहे, आणि मूळ लेखाचा सगळा मुद्दाच ती आहे. ‘लोकानुनयी’ शब्द योजला की ती विसंगतीच वाक्यातून नाहीशी होते.

ही विसंगती आजची नाही. अमेरिकेत शेतकऱ्यांच्या संघटनांतून उभ्या राहिलेल्या पीपल्स पार्टीने ४ जुलै १८९२ रोजी ओमाहा येथील अधिवेशनात आपला जाहीरनामा मंजूर केला. चढत्या श्रेणीचा प्राप्तिकर, रेल्वेवर सरकारी मालकी, चांदीची अनिर्बंध नाणेपाडणी (म्हणजे कोणीही आणलेल्या चांदीची सरकारने नाणी पाडून देणे) अशा तिच्या मागण्या होत्या. तिच्या अनुयायांना ‘पॉप्युलिस्ट’ म्हणत. त्या पक्षाविषयी लिहिताना हा शब्द विशेषनाम म्हणून जसाच्या तसा ठेवावा. ‘लोकानुनयी पक्ष’ असे भाषांतर केले, तर कर्जात बुडालेल्या कॅन्ससच्या आणि नेब्रास्काच्या शेतकऱ्यांवर अन्याय होईल, कारण ते कोणाचा अनुनय करत नव्हते, स्वतःच्या मागण्या मांडत होते.

चार वर्षांनी, १८९६ मध्ये, या पक्षाने डेमोक्रॅटिक पक्षाचेच अध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांना पाठिंबा दिला. ब्रायन तेव्हा अवघे ३६ वर्षांचे होते. मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका, म्हणजे चलन केवळ सोन्याला जखडू नका, असे आवाहन करणारे त्यांचे शिकागोचे भाषण प्रसिद्ध आहे. शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने मात्र त्या भाषणाचा मधला भाग बारकाईने वाचायला हवा, कारण तेथे त्यांनी एका शब्दाच्या व्याख्येवरच वाद घातला आहे. व्यावसायिकांचे हित बिघडेल, या आक्षेपाला उत्तर देताना ते म्हणाले की, तुम्ही ‘व्यावसायिक’ या शब्दाचा अर्थ फारच आखडून ठेवला आहे. मजुरीवर राबणारा कामगार, खेड्यातला वकील, चौफुल्यावरचा दुकानदार, सकाळी शेतात जाऊन दिवसभर कष्टणारा शेतकरी आणि हजार फूट खोल उतरून धातू वर काढणारा खाणकामगार हे सगळे, आतल्या खोलीत बसून जगाचा पैसा मुठीत ठेवणाऱ्या मूठभर वित्तसम्राटांइतकेच व्यावसायिक आहेत. लोकवादी भाषेचा इतका नितळ नमुना क्वचितच सापडेल. प्रतिपक्षाच्या हातातला प्रतिष्ठेचा शब्द काढून घ्यायचा, तो लोकांना बहाल करायचा आणि मागे राहिलेल्या मूठभरांना एकटे पाडायचे, ही तिची पद्धत त्यात पुरती दिसते.

आणि त्याच यादीत खाणकामगार होते, हेही लक्षात घ्यावे. चांदीची अनिर्बंध नाणेपाडणी झाली असती तर चलन सैल होऊन कर्जदार शेतकऱ्यांचा भार हलका झाला असता, तसाच चांदीचा भाव चढून खाणमालकांचाही लाभ झाला असता. ब्रायन यांना जो थोडा मोठा पैसा मिळाला, त्यात मोंटानाचे मार्कस डेली यांच्यासारख्या खाणसम्राटांचा वाटा होता. ब्रायन यांची शेतकऱ्यांविषयीची कळकळ खोटी होती, असे यावरून मी मुळीच म्हणणार नाही. परंतु ‘लोक’ या शब्दाच्या आडोशाला कोणाचे हित उभे आहे, हे पाहण्यासाठी पैशाचा माग काढावा लागतो, एवढे मात्र या उदाहरणातून दिसते.

त्यांच्याविरुद्ध उभे असलेले रिपब्लिकन उमेदवार विल्यम मॅकिन्ली यांच्यासाठी ओहायोचे उद्योगपती मार्क हॅना यांनी सुमारे ३५ लाख डॉलर जमवले. त्यात एकट्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे अडीच लाख होते. हॅना यांची पद्धत विशेष होती. ते बँकांकडून त्यांच्या भांडवलाच्या पाव टक्का या दराने रक्कम मागत. येथे मला ‘देणगी’ हा शब्द खटकतो. दराने ठरवून दिलेल्या अशा रकमेला मराठीत नेमका शब्द आहे, तो म्हणजे ‘पट्टी’. गावाने जत्रेसाठी पट्टी काढावी, घराच्या आकारावरून घरपट्टी बसावी, तशी हॅना यांनी बँकांवर पट्टी बसवली होती, असे लिहिले की व्यवहाराचे खरे रूप वाचकाच्या ध्यानात येते.

पैसा देण्याच्या प्रकारांसाठी मराठीत असे वेगवेगळे शब्द असताना आपण सगळीकडे ‘देणगी’ हा एकच शब्द का योजावा? ‘वर्गणी’ ही अनेकांची, थोडथोडी आणि साधारण सारखी असते. २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे बर्नी सँडर्स आपल्या प्रचाराला मिळणारी सरासरी रक्कम २७ डॉलर असल्याचे सभांतून सांगत असत. त्या पैशाला ‘वर्गणी’ म्हणणे मला सर्वाधिक योग्य वाटते. ‘देणगी’ ही एकाची आणि मोठी असते, आणि ती परतफेडीच्या अपेक्षेशिवाय दिलेली आहे, असे हा शब्द सुचवतो. म्हणूनच महाविद्यालयातील प्रवेशासाठी सक्तीने उकळलेल्या पैशाला मराठी माणूस ‘देणगी’ म्हणत नाही, तो ‘डोनेशन’ म्हणतो. चांगला शब्द त्याने जपून ठेवला आहे. ‘थैली’चा प्रवास तर आणखी बोलका आहे. लोकमान्य टिळकांना १९१६ मध्ये लोकांनी जमवलेली एक लाख रुपयांची थैली अर्पण झाली, तेव्हा त्या शब्दात निव्वळ आदर होता. पुढे ‘थैलीशहा’ हा शब्द घडला तो मात्र तिरस्काराने. एकात थैली लोकांनी भरलेली आहे, दुसऱ्यात ती एकाच्या कमरेला आहे.

आजच्या अमेरिकेविषयी लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी लागते, आणि ती शैलीपेक्षा वस्तुस्थितीची आहे. तेथे कंपन्यांनी उमेदवाराला थेट पैसा देण्यावर १९०७ पासून बंदी आहे, आणि व्यक्तीने उमेदवाराला थेट देण्याच्या रकमेवरही मर्यादा आहे. २०२४ मध्ये ती दर निवडणुकीला ३,३०० डॉलर होती. मात्र २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिटिझन्स युनायटेड खटल्यात कंपन्यांच्या आणि कामगार संघटनांच्या स्वतंत्र प्रचारखर्चावरील बंधने रद्द केली आणि त्याच वर्षीच्या अपील न्यायालयाच्या आणखी एका निकालामुळे, असा स्वतंत्र खर्च करणाऱ्या गटांना कितीही रक्कम देण्याची मुभा मिळाली. हेच ‘सुपर पॅक’. त्यांचा पैसा उमेदवाराच्या खात्यात जात नाही. त्यामुळे ‘इलॉन मस्क यांनी ट्रम्प यांना २५ कोटी डॉलरची देणगी दिली’ असे वाक्य मराठीत सर्रास आढळत असले तरी ते चुकीचे आहे. ‘२०२४ च्या निवडणुकीत मस्क यांनी ट्रम्प व रिपब्लिकन पक्षाच्या बाजूने प्रचार करणाऱ्या गटांना २५ कोटी डॉलरहून अधिक पैसा पुरवला’ हे वाक्य लांब आहे, पण खरे आहे. येथे ‘देणगीदार’पेक्षा ‘पैसा पुरवणारे’ किंवा ‘प्रचाराचा खर्च उचलणारे’ असे साधे शब्द वापरावेत.

ट्रम्प यांच्या बाबतीत एक अस्सल मराठी शब्द उपयोगी पडेल. २०१५ मध्ये उमेदवारी जाहीर करताना त्यांनी सांगितले होते की, मी स्वतःच श्रीमंत आहे, मला दुसऱ्यांच्या पैशाची गरज नाही. प्रतिस्पर्धी मात्र धनिकांच्या तालावर नाचतात, असा त्यांचा आरोप होता. या विधानाचा गाभा मराठीत एका वाक्यात येतो: ‘मी कोणाचा मिंधा नाही.’ ‘उपकृत’, ‘ऋणी’, ‘बांधील’ यांपैकी एकाही शब्दात मिंधेपणातली लाज नाही, आणि त्या प्रचारात सारा भर त्या लाजेवर होता. पुढे २०१६ च्या उन्हाळ्यापासून त्यांनीही बड्या धनिकांकडून पैसा घेतला, हा इतिहास आहे.

आपल्याकडे ‘लोकानुनय’ हा शब्द एवढा का रुळला, याचे कारण मला आपल्या राजकारणाच्या घडणीत दिसते. ‘गरिबी हटाव’ या १९७१ च्या घोषणेला आपण लोकानुनयी म्हणतो, परंतु ‘ते म्हणतात इंदिरा हटाव, मी म्हणते गरिबी हटाव’ या पूर्ण वाक्यातील ‘ते’ आणि ‘मी’ पाहिले, तर ती लोकवादी भाषाच होती. तिच्या दोन वर्षे आधी, १९६९ मध्ये, कंपन्यांनी राजकीय पक्षांना पैसा देण्यावर बंदी आली. १९८५ मध्ये ती उठेपर्यंत व्यवहार थांबला नाही, तो हिशेबाच्या वह्यांबाहेर गेला. या प्रश्नाची जाणीव मुंबई उच्च न्यायालयाला त्याही आधी झाली होती. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने पक्षांना पैसा देता यावा म्हणून आपल्या उद्दिष्टांत बदल करण्याची परवानगी मागितली, तेव्हा १९५७ च्या निकालात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी परवानगी दिली, पण ही प्रथा वाढली तर लोकशाहीलाच धोका होईल, असा इशाराही दिला. २०१८ मध्ये आलेल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवलेल्या, पक्षांना पैसा देण्यासाठीच्या ‘निवडणूक रोखे’ योजनेच्या नावातील ‘रोखे’ या शब्दावरही त्या दृष्टीने विचार व्हायला हवा. कर्जरोख्यावर धनको आणि ऋणको या दोघांची नावे असतात. निवडणूक रोख्यावर मात्र देणाऱ्याचे नावच नव्हते.

शेवटी ‘धनदांडगे’ या शब्दाविषयी, कारण प्रश्नकर्त्यांनी पर्याय म्हणून तो सुचवला आहे. ‘दांडगा’ या पदातच दांडगाई आहे, म्हणजे हा शब्द माहिती देण्याआधी निवाडा देतो. उमेदवाराच्या तोंडी तो शोभेल, नव्हे, तेथे तोच हवा, पण अनुवादकाने स्वतःच्या निवेदनात तो वापरला तर अनुवादकच प्रचारात उतरल्यासारखे होईल. तेव्हा मूळ वाक्याचे मराठी मी असे करीन: ‘धनदांडग्यांपासून देश सोडवण्याची लोकवादी भाषा हा उमेदवार सभांतून बोलतो, परंतु त्याच्या बाजूने होणाऱ्या प्रचाराचा बराचसा खर्च मोजके अब्जाधीशच उचलत आहेत.’ मूळ लेखात रक्कम थेट उमेदवाराच्या खात्यात गेल्याचा उल्लेख असेल, तर ‘त्याच्या बाजूने होणाऱ्या’ हे शब्द काढून तेथे ‘देणगीदार’ योजावा.