'ऑफिसिए द सांते' म्हणजे आरोग्य अधिकारी नव्हे

प्रश्न असा आहे: एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच डॉक्टरांची पत्रं मराठीत आणताना 'ऑफिसिए द सांते' ही उपाधी वारंवार येते. तिला 'आरोग्य अधिकारी' म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. 'आरोग्य अधिकारी' म्हटलं की मराठी वाचकाला नगरपालिकेचा किंवा जिल्हा परिषदेचा पगारी माणूस दिसतो. पत्रांतला हा माणूस मात्र बहुतेकदा खेड्यापाड्यांत खासगी व्यवसाय करणारा, डॉक्टरेट नसलेला चिकित्सक असतो.

१० मार्च १८०३ च्या कायद्याने फ्रान्समध्ये चिकित्सकांच्या दोन श्रेणी केल्या. (हीच तारीख जुन्या कागदांत '१९ वाँतोज, वर्ष ११' अशी दिसेल, क्रांतीची दिनदर्शिका तेव्हा चालू होती.) वरच्या श्रेणीतल्या डॉक्टरला वैद्यक विद्यालयात चार वर्षं काढून, परीक्षा देऊन प्रबंध मांडावा लागे. ऑफिसिए द सांतेला विद्यालयाची सक्ती नव्हती. एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली सहा वर्षं, किंवा इस्पितळात सलग पाच वर्षं, किंवा विद्यालयात तीन वर्षं काढली की तो जिल्ह्याच्या परीक्षक मंडळापुढे बसू शके. परवाना त्याच जिल्ह्यापुरता. मोठी शस्त्रक्रिया डॉक्टरच्या देखरेखीशिवाय करायची नाही, हीही अट होती. म्हणून एखाद्या पत्रात तो शेजारच्या गावच्या डॉक्टरला तातडीने बोलावतो, तेव्हा त्यामागे कायद्याचं बंधनही असू शकतं. 'आरोग्य अधिकारी' लिहिलंत की हा ताण अनुवादातून पुसला जातो. ही श्रेणी १८९२ च्या कायद्याने बंद झाली.

माझ्या मते 'परवानाधारक चिकित्सक' हा शब्द वापरावा आणि पहिल्या उल्लेखाला एका ओळीची टीप द्यावी. 'वैद्य' नको, त्याला आयुर्वेदाचा वास येतो. 'डॉक्टर' तर मुळीच नको, कारण नेमकी तीच पदवी त्याच्याकडे नव्हती.

मात्र तारीख पाहिल्याशिवाय हा शब्द सरसकट लावू नका. क्रांतीच्या काळात आणि नेपोलियनच्या सैन्यात 'ऑफिसिए द सांते' हे लष्करी वैद्य, शल्यचिकित्सक आणि औषधनिर्माते या सगळ्यांचं एकत्रित नाव होतं. छावणीतून आलेल्या पत्रात उच्चशिक्षित शल्यचिकित्सकही त्यात मोडतो. तिथे 'लष्करी वैद्यकीय अधिकारी' हेच बरोबर.

श्रेणी आयुष्यभर तीच राहते असंही धरू नये. पिएर ब्रतोनो आधी शनाँसो गावी परवानाधारक चिकित्सक होते. १८१५ मध्ये ते डॉक्टर झाले आणि पुढे तूर शहराच्या इस्पितळात घटसर्पावर त्यांनी मूलभूत काम केलं. त्रूसो आणि वेल्पो या शिष्यांशी त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. अशा माणसाची उपाधी पत्राच्या तारखेप्रमाणे बदलायला हवी.

मायन्यावरून मात्र श्रेणी ओळखायला जाऊ नका. 'काँफ्रेर' म्हणजे व्यवसायबंधू. हे संबोधन सौजन्य म्हणून खालच्या श्रेणीतल्यालाही वापरलं जाई. 'शेर मेत्र'ला 'गुरुवर्य' छान बसतं, पण तेही दर वेळी खऱ्या गुरूलाच असतं असं नाही. त्यापेक्षा सही नीट पाहा. नावापुढे 'डी. एम. पी.' अशी अक्षरं असतील तर तो पॅरिसच्या विद्यापीठाचा डॉक्टर. अनुवादात ही अक्षरं गाळू नका. 'वैद्यकाचे डॉक्टर, पॅरिस' अशी उलगडून लिहा.