घरात एक विंचू सापडला. अजून आहेत का, कसं शोधायचं?

३६५ ते ३९५ नॅनोमीटरची अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्या. अंधार पडल्यावर दिवे मालवून भिंतीच्या कडा, दाराच्या चौकटी, न्हाणीघराची जाळी, लाकडांचा ढीग बघा. विंचू हिरवट-निळा चमकतो. नुकती कात टाकलेला मात्र चमकत नाही, म्हणून दोन-तीन रात्री लागोपाठ शोधा. दिसला की त्यावर काचेची बरणी उपडी घाला आणि खालून जाड पुठ्ठा सरकवा. स्वच्छ काचेवर त्याला चढता येत नाही. ओरखडे पडलेला प्लास्टिकचा डबा नको, त्यावर नखं रोवतो. कीटकनाशकाच्या फवाऱ्यावर विसंबू नका, फटीत दडलेल्यापर्यंत तो पोचतच नाही. त्यापेक्षा दाराखालची फट रबरी पट्टीने बुजवा आणि बूट झटकून घाला. नांगी मारलीच तर चिरू नका, आवळून बांधू नका. लहान मूल असेल तर वाट न बघता थेट दवाखाना.