कॅटफिशच्या पिल्लांचा पहिला आठवडा

प्रश्न : महोदय, आमच्या घरच्या टँकमध्ये ब्रॉन्झ कोरीडोरास जातीचे कॅटफिश आहेत. पावसाळा सुरू होताच त्यांनी काचेवर अंडी घातली. आम्ही ती लहान टँकमध्ये हलवली आणि चौथ्या दिवशी पिल्ले बाहेर आली. त्याच दिवसापासून आम्ही त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून आणि मोठ्या माशांचे खाद्य कुटून देत होतो, तरीही आठवडाभरात बहुतेक पिल्ले दगावली. त्यांना नेमके काय खायला द्यावे? विहिरीचे पाणी त्यांना चालते का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या पत्रातील तपशिलावरून असे दिसते की ही पिल्ले उपासमारीने नव्हे, तर न खाल्लेले अन्न पाण्यात कुजल्यामुळे दगावली असावीत. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटाखाली पीतकाची, म्हणजे अंड्यातल्या बलकाची, पिशवी असते आणि त्यावर त्याचे दोन-तीन दिवस सहज निघतात. या काळात त्याला खाद्याची गरज नसते, किंबहुना ते खाऊही शकत नाही. त्यामुळे पहिल्या दिवसापासून दिलेला बलक तसाच तळाशी बसतो, त्यावर जिवाणू वाढतात, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि अमोनिया वाढतो. कॅटफिशचे पिल्लू तर सारा वेळ तळालाच टेकून असते, म्हणजे घाण जिथे साचते नेमके तिथेच. अंड्याचा बलक हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जाणारा उपाय असला, तरी लहान टँकमध्ये तो मुळीच वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिशवी दिसेनाशी झाली की जिवंत खाद्य द्यावे, कारण खाल्ले जाईपर्यंत ते जिवंत राहते आणि लगेच कुजत नाही. यात सर्वांत उत्तम म्हणजे आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जीवाची नुकती जन्मलेली पिल्ले, ज्यांना आपण बेबी ब्राइन श्रिम्प म्हणतो. त्यांची सुकी अंडी मत्स्यपालनाच्या दुकानांत डबाबंद मिळतात. एक लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम मीठ विरघळवावे. त्यासाठी आपल्या मिठागरांतले जाडे मीठ उत्तम चालते. आपल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी सहसा किंचित आम्लधर्मी असते आणि आर्टेमियाला अल्कधर्मी पाणी लागते, म्हणून त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. अर्धा चमचा अंडी टाकून एअर पंपाची नळी बाटलीच्या तळापर्यंत सोडावी आणि हवा जोरात चालू ठेवावी. पाणी 26 ते 28 अंश सेल्सिअस असले आणि बाटलीवर उजेड असला, की साधारण 24 तासांत नारिंगी रंगाचे बारीक जीव वळवळताना दिसू लागतात. मग हवा बंद करून दहा मिनिटे थांबावे. रिकामी टरफले वर तरंगतात, न फुटलेली अंडी खाली बसतात आणि पिल्ले उजेडाकडे गोळा होतात, तेव्हा ती बारीक नळीने ओढून दाट विणीच्या कापडात गाळावीत व गोड्या पाण्याने धुवावीत. हे धुणे टाळू नये, कारण कोरीडोरासला मिठाचे पाणी मानवत नाही. जन्मल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच आर्टेमियाच्या पिल्लांत सर्वाधिक पोषण असते, त्यामुळे ती साठवून न ठेवता दररोज थोडी ताजी काढलेली बरी.

ड्रॉपरने हे खाद्य थेट तळाजवळ सोडावे, दिवसातून तीन-चार वेळा आणि दर वेळी अगदी थोडे. किती पुरते हे भिंगातून पाहिले की कळते. पिल्लाची कातडी इतकी पातळ असते की पोट भरताच तिच्यातून नारिंगी ठिपका स्पष्ट दिसतो. सगळ्या पिल्लांची पोटे नारिंगी दिसत असताना तळाशी आर्टेमिया उरत असतील, तर पुढच्या वेळी कमी द्यावे. गोड्या पाण्यात ते काही तासांतच मरतात.

आर्टेमियाची खटपट रोज जमत नसेल तर मायक्रोवर्म पाळावेत. शिजवलेल्या ओट्सच्या थंड लापशीवर चिमूटभर यीस्ट भुरभुरून त्यात एखाद्या मत्स्यपालकाकडून आणलेले मायक्रोवर्मचे थोडे विरजण घालावे. काही दिवसांत ते पांढरे सूक्ष्म जंत डब्याच्या भिंतीवर चढतात आणि ब्रशने टिपून घेता येतात. ते पाण्यात बुडून तळाशी जातात, ही कॅटफिशच्या दृष्टीने मोठीच सोय आहे. दोन-तीन आठवड्यांनंतर बुडणाऱ्या खाद्याची बारीक पूड सुरू करता येते.

आता पाण्याविषयी. आपल्या भागातील विहिरीचे मऊ पाणी या दक्षिण अमेरिकी माशांना चांगलेच मानवते; मात्र किनाऱ्यालगतच्या खारट झालेल्या विहिरीचे पाणी कधीही वापरू नये. विहिरीतून नुकत्याच उपसलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असू शकतो, म्हणून ते रात्रभर बादलीत हवा सोडून ठेवावे. नळाचे पाणी घेतल्यास क्लोरीन काढणारे औषध घालावे. दररोज पाव टँक पाणी बदलावे आणि नव्या पाण्याचे तापमान टँकइतकेच असावे. पाणी काढताना हवेची बारीक नळी वापरून तिचे दुसरे टोक पांढऱ्या तसराळ्यात सोडावे, म्हणजे चुकून ओढले गेलेले पिल्लू लगेच दिसते आणि परत सोडता येते. तळ मोकळाच ठेवून त्यावर येणारा बुळबुळीत थर रोज पुसावा. गाळणीसाठी स्पंज फिल्टरच लावावा, कारण अन्य फिल्टर पिल्लांना खेचून घेतात. कोरीडोरास अधूनमधून वर येऊन हवा गिळतात, म्हणून झाकण आणि पाणी यांत थोडी जागा ठेवावी. पावसाळ्यात वीज वरचेवर जात असल्याने बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा. वीज नसताना खाद्य देणे टाळावे. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले दीड ते दोन सेंटीमीटरची झाली, की ती मोठ्या टँकमध्ये सोडता येतील.

प्रश्न : आमच्या ब्रिसलनोज प्लेको जातीच्या कॅटफिशला पिल्ले झाली आहेत. त्यांनाही आर्टेमिया द्यावे का? नराला वेगळे करावे का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : नराला मुळीच हलवू नये. तो गुहेच्या तोंडाशी राहून परांनी अंड्यांना व पिल्लांना वारा घालतो आणि त्यांची राखण करतो. पीतकाची पिशवी संपून पिल्ले आपणहून बाहेर पडेपर्यंत साधारण आठवडा जातो, तोवर काहीही देऊ नये. ही मुख्यतः शेवाळ व भाज्या खाणारी जात आहे, त्यामुळे आर्टेमियाची गरज नाही. टँकमध्ये लाकडाचा ओंडका असावा आणि रोज संध्याकाळी कीटकनाशकाच्या फवारणीचा अंश जाईल अशी नीट धुतलेली, उकळत्या पाण्यातून काढलेली काकडीची चकती तळाशी वजन बांधून ठेवावी. सकाळी ती उरली असो वा नसो, तिचे अवशेष न चुकता बाहेर काढावेत.