एप्रिलमधला बर्फ: वाचकांचे प्रश्न

एप्रिलमध्ये हिमाचलात ट्रेक आहे. गाईड म्हणतो, पहाटे तीनला निघायचं, अकराच्या आत खाली. आकाश निरभ्र असताना एवढी घाई का? – एक वाचक, पुणे

निरभ्र आहे म्हणूनच. मोकळ्या आकाशाखाली बर्फ रात्री उष्णता गमावतो, वरचा थर गोठून कडक होतो आणि पहाटे त्यावरून बिनघोर चालता येतं. ऊन चढलं की तो मऊ पडतो, वितळलेलं पाणी आत झिरपतं, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि ओला बर्फ घसरू लागतो, म्हणजेच हिमस्खलन होतं. आधी पूर्वेकडचे उतार तापतात, मग दक्षिणेचे, शेवटी पश्चिमेचे. तेव्हा परतीची वाट कोणत्या उताराखालून जाते, ते गाईडला विचारून ठेवा.

रात्रभर ढग असतील किंवा पाऊस झाला असेल, तर बर्फ नीट गोठतच नाही. मग तीनला निघूनही फायदा नाही. तंबूबाहेर पहिल्याच पावलाला बूट घोट्याच्या वर रुतत असेल तर त्या दिवशी मोठा उतार नकोच. अशा वेळी समिट रद्द करणारा गाईड चांगला. त्याच्याशी पैसे वसूल होण्यावरून हुज्जत घालू नका.

जानेवारीपासूनचा बर्फ एव्हाना घट्ट बसला असेल ना? – नाशिक

बहुतेकदा बसतो, पण तळाशी काय आहे ते वरून कळत नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला थर पातळ असतो. खाली त्या मानाने ऊबदार जमीन, वर कडाक्याची हवा. या फरकामुळे तळाचे कण जाड साखरेसारखे सुटे होतात. पुढचा सगळा बर्फ त्यांच्यावर साचतो. वसंतात पाणी तिथवर पोचलं की अख्खा थर जमिनीपासून सुटू शकतो. शिवाय पश्चिमी चक्रावात (पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या प्रणाली) एप्रिलमध्येही ताजा बर्फ टाकतात. त्यानंतरचं पहिलं कडक ऊन मला सर्वात जास्त धास्ती घालतं.

ओरडल्याने हिमस्खलन होतं? – ठाणे

नाही, ते सिनेमात. माणसाच्या वजनाने मात्र होतं. म्हणून संशयाचा उतार एकेकट्याने ओलांडावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवावी.

आम्ही ट्रेकर नाही, मुलांना घेऊन गाडीने सिक्कीमला जातोय. आम्हाला काय धोका? – कोल्हापूर

४ एप्रिल २०२३ रोजी गंगटोक–नाथू ला रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक गेले. गिर्यारोहक नव्हते ते. साधारण ३० ते ४५ अंशांचा बर्फाळ उतार डोक्यावर असेल तर खाली फोटोसाठी रेंगाळू नका आणि परवान्याच्या हद्दीपुढे ड्रायव्हरला गळ घालू नका.

बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधण्यासाठी अंगावर बाळगायचं संदेशयंत्र) भाड्याने घ्यावा का? – मुंबई

हिमस्खलनाच्या उतारांवर जाणार असाल तर घ्या, पण प्रत्येकाला एक आणि सोबत प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) व फावडंही. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर शक्यता फार घटते. तोवर बाहेरची मदत पोचत नाही, शोधायचं आणि खणायचं सोबत्यांनीच. निघण्याआधी मैदानात एक बीकन लपवून शोधण्याचा सराव करा.