लंबवर्तुळ की विवृत्त? आणि सूर्य ‘नाभी’वर कसा?

एका वाचकाचा प्रश्न आहे. मुलीच्या दहावीच्या पुस्तकात केप्लरच्या पहिल्या नियमात ग्रहाची कक्षा ‘लंबवर्तुळाकार’ म्हटली आहे आणि सूर्य तिच्या एका ‘नाभी’वर ठेवला आहे. ते स्वतः गणित शिकले तेव्हा याच आकृतीला ‘विवृत्त’ म्हणत. हिंदीत ‘दीर्घवृत्त’ कानावर येतं. यातला बरोबर शब्द कोणता? आणि नाभी म्हणजे बेंबी, मग तिचा इथे काय संबंध?

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. तिन्ही शब्द एकाच आकृतीचे आणि तिन्ही बरोबर. भूगोल-विज्ञानात लंबवर्तुळ रुळलंय. गणितात शंकूचे छेद शिकवताना अन्वस्त, विवृत्त, अपास्त हे त्रिकूट येतं. विवृत्त लिहिताना दोन ‘त’ विसरू नका. एकच लिहिलात तर ‘विवृत’ होतं, म्हणजे उघडा, आणि तो शब्द स्वरांचं वर्णन करणाऱ्या व्याकरणकारांचा.

आता माझी तक्रार. ‘लंब’चा अर्थ इथे लांबट. भूमितीत मात्र आपण लंब टाकतो तो काटकोनात, त्यामुळे एखादं पोर लंबवर्तुळ म्हणजे ‘उभं केलेलं वर्तुळ’ समजलं तर त्याला हसू नये. खरी अडचण पुढे आहे. शब्दात ‘लांब’ ऐकू आलं की हात आपोआप अंडं काढतो. वहीत अंडं, फळ्यावर अंडं, तक्त्यावरही अंडंच. गंमत म्हणजे खुद्द केप्लरही आधी अंडाकृतीच्याच मागे लागला होता. डॅनिश खगोलवेत्ता ट्यूको ब्राहेने घेतलेल्या मंगळाच्या वेधांशी वर्तुळाचं गणित ८ कलांनी (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चुकत होतं. ८ कला म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या चंद्रबिंबाच्या साधारण पाव भागाएवढा फरक. दुसरा कोणी असता तर त्याने ‘चालायचंच’ म्हटलं असतं. केप्लरने वर्तुळच सोडलं, अंड्यासारखा आकार लावून पाहिला, तोही जुळेना, तेव्हा कुठे विवृत्त हाती आलं. १६०९ साली ते छापून आलं.

हे विवृत्त किती लांबट असतं, ते घरी काढून बघा. पुठ्ठ्यावर दोन टाचण्या (त्यांच्या जागा म्हणजेच विवृत्ताच्या दोन नाभी), भोवती दोऱ्याचा फास, आत पेन्सिल ताणून धरायची आणि फिरवायची. आकृतीची लांबी २० सेंटिमीटर धरली तर मंगळाच्या कक्षेसाठी टाचण्यांमध्ये पावणेदोन-दोन सेंटिमीटर अंतर लागतं, आणि रुंदी लांबीपेक्षा जेमतेम १ मिलिमीटर कमी भरते. पृथ्वीसाठी टाचण्या साडेतीन मिलिमीटरवरही नसतात आणि रुंदीतला फरक पेन्सिलीच्या रेघेतच लपतो. लांबट म्हणावी अशी कक्षा हवी असेल तर हॅलेचा धूमकेतू घ्या. त्याची आकृती २० सेंटिमीटर लांब काढलीत तर रुंदी ५ सेंटिमीटरच्या आसपास येते.

म्हणजे ग्रहांच्या बाबतीत आकारापेक्षा सूर्याची जागा जास्त बोलकी आहे. पृथ्वीच्या कक्षेचा लहान अर्धअक्ष (म्हणजे अर्धी रुंदी) मोठ्यापेक्षा (अर्ध्या लांबीपेक्षा) सुमारे २१ हजार किलोमीटरने आखूड आहे. सूर्य मात्र मध्यापासून सुमारे २५ लाख किलोमीटर बाजूला आहे, दोन सूर्य शेजारी शेजारी मांडता येतील जवळजवळ इतका. त्यामुळे मला नियमातला महत्त्वाचा शब्द लंबवर्तुळ वाटतच नाही. तो ‘नाभी’ आहे.

आणि तोच शब्द जरा फसवा आहे. संस्कृतात नाभी म्हणजे बेंबी, तशीच रथाच्या चाकाचा तुंबाही. ‘अरा इव रथनाभौ’ असं उपनिषदात येतं, सगळे आरे जिथे येऊन मिळतात ती जागा. पण तुंबा तर चाकाच्या बरोबर मध्ये असतो! केप्लरने सूर्याला जिथून हलवलं, नेमकं तिथलंच नाव आपण त्याच्या नव्या जागेला दिलं. केप्लरने स्वतः निवडलेला शब्द होता ‘फोकस’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चूल. तो त्याने १६०४ च्या प्रकाशशास्त्रावरच्या पुस्तकात वापरला. भिंगाने ऊन एकवटलं की त्या जागी कागद पेटतो, म्हणून चूल, असा त्याचा उलगडा करतात. आपल्याकडेही भिंगाची ‘मुख्य नाभी’ आणि कक्षेची नाभी हा एकच शब्द आहे, एवढी शिस्त पाळली गेलीय हे बरं. तरी ‘सूर्य चुलीवर असतो’ असं वाचायला मला आवडलं असतं.

नाभीऐवजी ‘केंद्र’ म्हणावं, असंही कोणी सुचवतात. ते अजिबात नको. आजच्या मराठीत केंद्र म्हणजे मध्यच. जुन्या ज्योतिषात तर केंद्र ही जागाच नव्हे, तो कोन आहे: ग्रह आपल्या मंदोच्चापासून किती अंशांवर आहे तो. मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ रचला. त्यात हे ‘मंदकेंद्र’ पानोपानी भेटतं.

मंदोच्च हा शब्द मात्र मला फार आवडतो. गती जिथे सर्वांत मंद, ते टोक. केप्लरचा दुसरा नियम सांगतो की सूर्य आणि ग्रह यांना जोडणारी रेषा सारख्या वेळात सारखंच क्षेत्रफळ व्यापते, म्हणून दूरचा ग्रह हळू आणि जवळचा वेगात चालतो. भूगोलाचा ‘अपसूर्य’ यातलं फक्त अंतर सांगतो, मंदोच्च गती सांगतो. याचा अर्थ केप्लर आपल्याकडे आधीच होऊन गेला असा काढू नका. आपल्या ज्योतिष्यांची पृथ्वी मध्ये होती, गणित वर्तुळांचं होतं. पण गती सारखी नसते, हे त्यांनी पाहिलेलं होतं आणि नावातही ठेवलं होतं.

ते पंचांगातही दिसतं. जुलैच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून सर्वांत दूर असतो. त्या सुमारास मिथुन रास ओलांडायला सूर्याला साडेएकतीस दिवसांच्या वर लागतात. जानेवारीच्या सुरुवातीला आपण सर्वांत जवळ. तेव्हा चालू असतो धुंधुरमास, सूर्य धनू राशीत, आणि ही रास तो साडेएकोणतीस दिवसांच्या आतच संपवतो. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, म्हणजे त्याहून मोठा. मग कधीतरी एकाच चांद्रमासात दोन संक्रांती, म्हणजे सूर्याचे दोन राशिप्रवेश, येतात आणि एक महिना गाळावा लागतो. तो क्षयमास. कार्तिक, मार्गशीर्ष आणि पौष या तिघांतच तो येतो, असं भास्कराचार्यांनी बजावून ठेवलंय.